दानम्मानं फोडलेला नारळ

दानम्मा बिराजदारला राग कधी येतो असं लातुरात कुणी विचारत नाही. तो आलेलाच असतो. सकाळी ती शाळेच्या फाटकातून आत शिरते तीच मुळी तावातावानं, आणि पायरीवर पाय ठेवायच्या आत तिचा पहिला सवाल येतो, "आज खेळाचा तास कुणी खाल्ला?"

आणि तास कुणीतरी खाल्लेलाच असतो, साहेब! कधी गणितवाल्यानं, कधी फिजिक्सवाल्यानं. वेळापत्रकावर ‘शारीरिक शिक्षण’ असं झोकात छापलेलं, आणि वर्गात बघावं तर पोरी माना खाली घालून सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करतायत. लातूरच आहे हे. इथं पोरगं रांगायला लागलं की शेजारीण विचारते, कोणत्या सरांकडं लावणार? बस स्टँडवर उतरलं की समोर होर्डिंग, होर्डिंगवर चष्मेवाली पोरं, पोरांच्या डोक्यावर गुण. जिथं चिंचेचं झाड होतं तिथं क्लास, जिथं आडत होती तिथं क्लास, आणि क्लासच्या वर पोरांच्या खोल्या, एकीवर एक चढवलेल्या. या सगळ्याचा दानम्माला संताप यायचा आणि ती तो पोटात ठेवायची नाही. तिच्या पोटात काही राहायचंच नाही.

लग्न झालं होतं तिचं. निलंग्याचा कापड दुकानदार, शिवप्रसाद नाव. त्याचं म्हणणं, हिच्या आवाजानं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. ही म्हणाली, मग दुकान बदला. त्यानं बायको बदलली. दानम्मा आपली ट्रंक घेऊन आईकडं परत आली आणि त्या गोष्टीवर पुन्हा बोलली नाही. तेवढ्या एकाच गोष्टीवर बोलली नसेल.

आई म्हणजे मल्लम्मा. दानम्मा तिला अव्वा म्हणते. दोघी मूळच्या औसा तालुक्यातल्या एका लहान गावच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव बसलं. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जाड धाबं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. दानम्माचा बाप शंकरप्पा त्यात गेला. दहा वर्षांच्या दानम्माला अव्वानं पायाला धरून ओढून काढलं, आणि त्या दिवसापासून अव्वाला डोक्यावर छत चालेना. आजसुद्धा चालत नाही. लातुरात भाड्याचं बरं घर आहे, स्लॅबचं आहे, पण म्हातारी अंगणात बाजेवर. टीव्ही बघायचा तर टीव्ही दारात आणायचा आणि अव्वानं बाहेरून बघायचा. पावसात मात्र पडवीच्या पत्र्याखाली येते, पत्र्याचं तिला भय नाही. भय फक्त स्लॅबचं.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांची वस्ती झाली. तिथं मदतीला आलेल्या एका मास्तरानं दोन खांब रोवले आणि पोरींना खो-खो शिकवला. खो-खोला लागतं काय? चेंडू नको, बॅट नको. दोन खांब आणि मोकळी जमीन. दानम्मा पळायला लागली ती थांबेचना. आणि गंमत बघा, इतर पोरींच्या आया ओरडायच्या, अंधार पडला, घरात ये. अव्वा उलटं सांगायची, "खेळ. भाईर हाईस तंवर माझा जीव थाऱ्यावर हाय." मैदानावर माणूस पडतं, माणसावर काही पडत नाही, एवढा साधा हिशोब होता मायलेकींचा.

पुढं दानम्मा जिल्ह्याला खेळली, राज्याला खेळली, आणि लातूरच्या एका खासगी शाळेत खेळाची बाई म्हणून लागली. शाळा जुनी, मागं ऐसपैस मैदान. दिवसा तास खाल्ले गेले तरी संध्याकाळ तिची. पाच वाजले की पोरी यायच्या. दानम्मा चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायची, आणि अव्वा कडेला पोतं अंथरून शेंगा फोडत बसायची. वीस वर्षं हे चाललं. त्या मैदानावरच्या किती पोरी पोलिसात गेल्या, किती रेल्वेत गेल्या. तरी संस्थेचे अध्यक्ष अमृतराव दर वर्षी म्हणायचे, "मॅडम, एवढी जागा नुसती पडून हाय." नुसती पडून! पोरी पळतायत ती जागा यांना पडलेली दिसायची.

दानम्माचा आवाज जगाला कळला तो उदगीरच्या स्पर्धेत. पुकारा करणाऱ्याचा घसा बसला, तर हिनंच माइक ओढून घेतला. समालोचन वगैरे हिला काय ठाऊक? ही मैदानावर बोलते तशीच बोलली. "ए चार नंबर, बसलीस का झोपलीस? खो मिळाला की उठायचं असतंय, आईनं हाक मारल्यावानी ‘आले, आले’ करायचं न्हाई! आन् ती पळणारी बघा. खांबाला असा हात घातलाय जसा काय माहेरचाच खांब हाय. वळ की गं, बया, वळ!" लोकांनी खेळ सोडून भोंग्याकडं कान लावले. कुणीतरी ते मोबाइलमध्ये भरलं, आणि ते फिरत फिरत मुंबईला आलोकच्या फोनवर जाऊन पोचलं.

आलोक नांदेडचा. आईबाप दोघं शिक्षक, घरात पुस्तकं, शुद्ध बोलणं. पोरगा मुंबईला जाऊन एका विलायती क्रीडा चॅनेलात लागला होता. त्या चॅनेलनं मराठी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि ती याच्या गळ्यात पडली. सुरुवातीला काय अवस्था होती तिची! एक कोंदट खोली, दिवसाला दोन तास मराठी, आणि हिंदीत जे बोलतील त्याचा तरजुमा करून वाचायचा. "प्रतिस्पर्धी संघाने उत्कृष्ट प्रतिकार केला." पोहे खाता खाता माणूस हे ऐकून हिंदीकडं वळायचा. बाहेरच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रेक्षक वाढले नाहीत तर मराठी बंद.

आलोकनं दानम्माला फोन लावला. लातुरात अनोळखी नंबर म्हणजे क्लासवाल्यांचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत. "दानम्मा मॅडम बोलता का?" एवढंच तो बोलला आणि इकडून सरबत्ती सुरू झाली. "माझ्या घरात बारावीचं कुणी न्हाई, नीटचं कुणी न्हाई. कोणत्या सरांकडून बोलायलाव ते सांगा, तिथं येऊन चपलेनं हाणते!"

"मॅडम, मी क्लासवाला नाही हो. टीव्हीवाला आहे. नांदेडचा आहे मी."

"नांदेडचा हाईस तर मुंबईत काय करायलास?"

आलोक हसत सुटला. असाच आवाज त्याला पाहिजे होता.

दानम्मा मुंबईला गेली तर तिथं एक भाषेच्या तज्ज्ञ बाई बसलेल्या. त्या म्हणाल्या, यांचा आवाज छान आहे, पण भाषा स्वच्छ करावी लागेल. दानम्मा काही बोलायच्या आत आलोकच उसळला. "स्वच्छ म्हणजे काय? नांदेड-लातूरच्या माणसानं टीव्हीवर आपलं बोलणं कुणाच्या तोंडी ऐकलंय? एक तर गड्याच्या, नाहीतर हसवणाऱ्याच्या. जाणत्या माणसाच्या तोंडी ऐकलंय कधी? मॅडम जशा बोलतात तशाच बोलतील." दानम्माला त्या पोराचं लई कौतुक वाटलं. आपल्याकडचं कुणीतरी तिथं बसलंय आणि आपल्या बाजूनं भांडतंय, हे तिला नवीन होतं.

आणि मग जे झालं ते झालंच. खो-खोच्या लीगमध्ये दानम्मा बोलायला लागली आणि मराठवाड्यानं रिमोट खाली ठेवला. कंधारच्या हॉटेलांत भजी थंड व्हायला लागली. भोकरकडची माणसं कापूस वेचून आली की ‘रागीट मॅडम’ लावायची. लातूरच्या मेसमध्ये क्लासची पोरं पोळी हातात धरून ऐकत बसायची, मालक ओरडायचा, उठा, मागचे खोळंबलेत. दोन तासांचं मराठी सहा तासांवर गेलं, मग दिवसभराचं झालं. कोंदट खोली जाऊन काचेचा स्टुडिओ आला. कबड्डी आली, कुस्ती आली, एकदा तर हिला परदेशी फुटबॉललाच बसवलं. "आरं, त्या गोऱ्याला कुणीतरी सांगा, पास दे म्हणावं! एकटाच चाललाय, वाढदिवस असल्यावानी." लोक पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी पानटपरीवर तोच गोरा चर्चेला. चॅनेलच्या मालकांनी आलोकला बढती दिली. दानम्माला त्यांनी शाल दिली.

पण ती शाळा सोडून गेली नाही. हंगामापुरती बिनपगारी रजा घ्यायची, बोलून यायची, आणि पुन्हा पाच वाजता मैदानावर. कारण अमृतरावांचं कुजबुजणं वाढलं होतं. मैदान कुणालातरी द्यायचं चाललंय, अशी वर्दी होती. पालकांनी सह्या करून संस्थेला विरोध कळवला होता, त्यात पुढाकार दानम्माचाच. तिच्या एवढंच डोक्यात होतं, आपलं नाव झालंय तर ते या जागेच्या कामी यावं. भिंत व्हावी, दिवे लागावेत, एकदा का मैदान नीट बांधून घेतलं की कुणाची हात लावायची छाती होणार नाही. आलोकलाही तिनं ते सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मॅडम, आपण तिथं स्पर्धाच घेऊ चॅनेलची."

अशात अमृतरावांचा फोन आला. बोलणं एकदम मधाळ. "मॅडम, तुम्ही मागत होता ते मंजूर झालंय. मैदानाच्या विकासकामाचं भूमिपूजन ठेवलंय. तुमच्या हातूनच करायचं." दानम्मा हरखली. कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लीगचा अंतिम सामना होता, तरी मधली सवड काढून आली. रेल्वेतून उतरली ती थेट मंडपात.

आता आपल्याकडचा सत्कार कसा असतो हे सांगायला नको. माणूस मंडपात शिरलं की ते स्वतःचं राहत नाही. एकानं फेटा बांधला, दुसऱ्यानं शाल घातली, तिसऱ्यानं बुके दिला, चौथ्यानं तो काढून घेतला. सनई लावलेली, माइकवर कुणीतरी "आपल्या लातूरची शान" म्हणून किंचाळतंय. समोर अव्वा, डोळ्याला पदर लावून. आणि भटजींनी नारळ हातात दिला. आपल्यात हातात नारळ दिला की माणूस तो फोडतं. हा कशाचा नारळ, असं विचारायचं असतं हे कुणाच्या बापानं शिकवलंय? विचारलं तर अपशकुन. दानम्मानं नारळ फोडला, एका दणक्यात. कुदळ दिली, ती मारली. टाळ्या झाल्या. शेजारी माणिकप्पा सर उभे होते, लातुरातल्या बड्या क्लासचे मालक. पांढरे कपडे, कपाळावर विभूती, हसरं तोंड. ते इथं कसे, असं तिच्या मनात आलंही. पण अशा कार्यक्रमाला सगळेच येतात. कोनशिलेवर मखमलीचा पडदा होता. तो काढायला कुणी पुढारी यायचे होते आणि ते रिवाजाप्रमाणे उशिरा होते. दानम्माची परतीची गाडी होती. ती चहा पिऊन, पोरींच्या पाठीवर थापा मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मुंबईत तिला स्वप्नालीचा फोन आला. स्वप्नाली ही तिच्या संघाची कर्णधार, नववीतली पोर. रडत होती. "मॅडम, मैदानावर पत्रे ठोकलेत. आम्हाला आत जाऊ देईनात. आन् मॅडम, चौकात तुमचा फोटो लागलाय."

फोटो तिनं पाठवला. दानम्मा फेटा बांधून, दोन्ही हातांत नारळ, हसतेय. खाली लिहिलेलं, माणिकप्पा सरांच्या क्लासेसची भव्य अभ्यासिका व चार मजली वसतिगृह, भूमिपूजन सुप्रसिद्ध समालोचक दानम्मा मॅडम यांच्या शुभहस्ते संपन्न.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अमृतरावांना फोन लावला तर ते शांतपणे म्हणाले, "विकासच हाय की हा, मॅडम. आम्ही कुठं खोटं बोललो?" सह्या करणाऱ्या पालकांना लावला तर तिकडून आणखी वाईट. "आता आम्ही काय बोलावं, मॅडम? तुम्हीच नारळ फोडला. आम्हाला वाटलं, तुमचं अन् त्यांचं जमलं." झालं! वीस वर्षांत जे अमृतरावाला जमलं नव्हतं ते हिच्या एका नारळानं झालं होतं. विरोधाचा कागद आपोआप केराच्या टोपलीत गेला. माणसांना फसवणारे लोक तिनं पुष्कळ बघितले होते, पण आपलाच हात धरून आपलंच नरडं दाबणारे हे पहिलेच. ती हॉटेलच्या खोलीत भिंतीवर मुठी आपटत राहिली, शेजारच्यांनी तक्रार करेपर्यंत.

आणि संध्याकाळी स्टुडिओत आलोकनं तिच्यापुढं एक कागद सरकवला. "मॅडम, अंतिम सामन्याचे प्रायोजक मिळालेत. मराठी आवृत्तीचे पहिले मराठी प्रायोजक! प्रत्येक डावानंतर एवढी ओळ म्हणायची." ओळ अशी होती, ‘जिंकायचं कसं, शिका माणिकप्पा सरांकडे.’

दानम्मानं कागदाकडं बघितलं, मग आलोककडं. तिनं सगळं सांगितलं. पत्रे, फोटो, नारळ, सगळं. आलोकचा चेहरा पडला. पोरगं वाईट नव्हतं, हे कबूल करायला पाहिजे. पण तो म्हणाला, "मॅडम, वरच्यांनी अट घातलीय. आपल्याच भागातून प्रायोजक आले तरच पुढच्या वर्षी मराठी. यांना दुखावलं तर सगळंच बसेल. माझ्यासाठी एवढी एक ओळ म्हणा. मैदानाचं आपण नंतर बघू."

"नंतर खांब उभे राहतील, आलोक. सिमेंटचे."

"मॅडम, प्लीज."

"बघू," दानम्मा म्हणाली. ती ‘बघू’ म्हणाली तेव्हाच खरं तर आलोकनं ओळखायला हवं होतं. बहुतेक त्यानं ओळखलंही.

दुसऱ्या संध्याकाळी सामना सुरू झाला. पहिल्या डावानंतर ती ओळ तिनं गिळली, नुसताच स्कोअर सांगत राहिली. आलोकनं काचेपलीकडून हात जोडले. दुसऱ्या डावानंतर त्यानं पुन्हा खूण केली. सगळा मराठवाडा टीव्हीपुढं असणार हे तिला माहीत होतं. अंगणात अव्वा असणार, मेसमध्ये पोरं असणार, सह्या करणारे पालक असणार. तिनं माइक जवळ ओढला.

"लातूरकरांनो, ऐका. जिंकायचं कसं ते माणिकप्पा सरांकडून शिका म्हणतेत. मी शिकले! आदी मैदान बघायचं. मंग ज्या बाईचं मैदान हाय तिलाच फेटा बांधायचा, तिच्याच हातात नारळ द्यायचा, आन् तिच्याच हातून तिच्या पोरींचं नरडं दाबायचं. तो नारळ वसतिगृहाचा हाय हे मला ठाव नव्हतं. मी फसले. माझं चुकलं, मी विचारलं न्हाई. पण तुमी सह्या केलेल्या हायत. त्या माघारी घेऊ नका. मी इकली गेलेली न्हाई. उद्या सकाळी पत्र्यांपाशी या. ज्याच्या पोरीच्या पायात जीव हाय त्यानं यावं!"

ती बोलत राहिली. आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी बोलली. मग स्कोअर सांगितला, सामना पुरा केला, आणि हेडफोन काढून ठेवला. छातीवरचं ओझं उतरलं होतं. चॅनेलचं काम गेलं तर गेलं. तिनं बाहेर येऊन अव्वाला फोन लावला.

"अव्वा, ऐकलंस?"

"ऐकलं की. तू ‘लातूरकरांनो, ऐका’ म्हणलीस. आन् लगीच त्या माणिकप्पाचं गाणं लागलं बग. पोरं पुस्तकं घेऊन नाचतेत ते. लई येळ चाललं. मंग तू आलीस ती आकडेच सांगत आलीस. काय झालतं गं?"

दानम्माला काही कळेना. मग मागं आलोक उभा दिसला, आणि कळलं.

"मॅडम, थेट म्हणतात, पण ते थोडं उशिरानंच जातं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "असं काही झालं तर थांबवता यावं म्हणून. मी तुमचा आवाज बंद करून जाहिरात लावली. कुणालाच काही ऐकू गेलं नाही. तुमचं काम वाचलं, चॅनेल वाचलं. पुढच्या हंगामात तुम्हीच असाल, मी शब्द देतो."

दानम्माला ओरडता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली. "त्या दिवशी तू त्या बाईसंगं माझ्यापायी भांडलास," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्याला आपल्या माणसाचं बोलणं पायजे. तुला नुसता आवाज पायजे होता, आलोक. हिथून पुढं तुझा तूच बोल." तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि ती रात्रीच्या गाडीनं लातूरला आली.

चॅनेलचं काही अडलं नाही, बरं का. त्यांनी परभणीकडची एक पोरगी आणली. राग तसाच, ‘वळ की गं, बया’ तसंच, फक्त कुणीतरी लिहून दिलेलं. प्रेक्षक आणखी वाढले म्हणतात. दानम्मानं एकदा ऐकलं आणि टीव्ही बंद करून टाकला.

इकडं पत्र्यांमागं खड्डे झाले, खड्ड्यांत सळया उभ्या राहिल्या. दानम्मा दारोदार फिरली, पालकांना सगळं समजावून सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी चहा पाजला, कुणी हळूच म्हणालं, मॅडम, आमच्या पोरीलाही पुढं त्याच क्लासला लावायचंय हो, कशापायी वाकडं घ्यावं? अव्वा पाच वाजले की पोतं घेऊन यायची आणि पत्र्याच्या बाहेर फुटपाथवर बसायची. आत तिच्या डोक्यापेक्षा उंच उंच स्लॅबचे खांब जात होते. ती वर बघायची आणि पोतं थोडं लांब सरकवायची. एके दिवशी तिला असं सरकताना दानम्मानं बघितलं आणि तिचं डोकं पुन्हा ठिकाणावर आलं. म्हणजे पुन्हा फिरलं.

दुसऱ्या दिवशी पाचला ती फक्कीची पाटी घेऊन माणिकप्पा सरांच्या क्लासच्या गल्लीत आली. क्लास सुटायची वेळ. तिनं भर रस्त्यात, सिमेंटवर, रेघा मारायला सुरुवात केली. एका टोकाला विजेचा खांब, दुसऱ्या टोकाला सरांच्याच होर्डिंगचा लोखंडी पाय. स्वप्नाली आणि बाकीच्या पोरी रस्त्याच्या मधोमध ओळीनं बसल्या, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं. आणि खेळ चालू झाला. रिक्षा अडल्या, स्कूटर अडल्या. कुणी म्हणालं, मॅडमला खूळ लागलं. पोलिसानं येऊन विचारलं, परवानगी हाय का? दानम्मा म्हणाली, "मैदान खायला परवानगी लागली न्हाई, खेळायला लागती व्हय?" तो डोकं खाजवत गेला. ती रोज यायला लागली. क्लासची पोरं दप्तरं पाठीवर घेऊन भिंतीला टेकून बघायला लागली. मेसमध्ये टीव्हीवर ज्या बाईचं बोलणं ऐकलं ती बाई समोर उभी होती, माइकशिवाय, आणि सांगत होती की हे सगळं कसं झालं. रोज सांगत होती.

एका संध्याकाळी माणिकप्पा सरांची पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि अडकली. पुढं पोरी, मागं सुटलेल्या क्लासची गर्दी. सरांनी काच खाली केली. तोंड हसरंच होतं. "मॅडम, बाजूला घ्या की जरा. नांदेडच्या शाखेचं भूमिपूजन हाय, उशीर व्हायलाय. आन् हे असं सिमेंटवर खेळवता, पोरींना लागंल हो."

तेवढ्यात स्वप्नालीनं सूर मारला. पळणारी निसटत होती, आणि पोरीच्या अंगात मैदान होतं, सिमेंट नव्हतं. ती गाडीच्या चाकापाशी येऊन आपटली. दोन्ही गुडघे सोलले, कोपर सोललं, रक्त आलं. तरी तिनं हात पसरून गडी बाद केला होता.

"बघा! मी काय म्हणलो?" सर म्हणाले.

दानम्मानं स्वप्नालीला उठवलं. पदरानं तिचं रक्त पुसलं. मग ती गाडीच्या दाराकडं आली आणि दार तिनं स्वतःच उघडलं.

"खाली उतरा, सर. ह्या पोरीला लागलंय, तुमाला लई काळजी वाटली. तर हिला सांगा तुमच्या तोंडानं, हिनं कुठं खेळायचं."

सर उतरले. त्यांनी स्वप्नालीच्या गुडघ्यांकडं बघितलं, रस्त्यावरच्या फक्कीच्या रेघांकडं बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं. मागं त्यांच्याच क्लासची पोरं उभी होती, शेकड्यानं, दप्तरं पाठीवर घेऊन, आणि गल्लीत कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. सगळी ऐकायला थांबली होती.

"बोला की," दानम्मा म्हणाली.